हुकूम न ऐकणारं इंजिन

पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला दोन दिवसांनी परत जाता येतं, एवढंच पाहुण्याचं सुख. कृष्णातच्या वाट्याला तेवढंही आलं नव्हतं. सासरे त्याला 'पावणं' म्हणून हाक मारायचे, सासू पहिलं ताट त्याला वाढायची, आणि अशा मानापानात त्यानं कडेगावच्या बाजूच्या त्या घरात चार वर्षं काढली होती. विहिरीवरची मोटर तोच चालू करायचा, उसाला पाणी तोच पाजायचा, बैलांच्या खुरांना औषध तोच लावायचा. पाठीमागं गाव त्याला काय म्हणतं ते त्याला ठाऊक होतं. घरजावई हा शब्द तोंडावर कुणी काढत नाही, एवढी माणुसकी आमच्या भागात आहे.

तसा तो कच्चा गडी नव्हता. फौजेत, सिग्नल्समध्ये तेरा वर्षं काढलेली. टेलिफोनच्या तारा, एक्स्चेंज, रिले, बॅटऱ्या यांत हात असा बसलेला की बिघडलेली वस्तू आली की साहेब लोक आधी त्याचं नाव घ्यायचे. १९६९ साली विजयमालाशी त्याचं लग्न झालं. ती कॅप्टनसाहेबांची एकुलती एक. पुढच्याच वर्षी तार आली, की कॅप्टनसाहेब विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले, पाय मोडला, शेत बघायला माणूस नाही, निघून येणे. कृष्णात फौजेतलं नाव कापून घेऊन आला. कॅप्टनसाहेबांचा पाय तीन महिन्यांत बरा झाला. कृष्णातचा मात्र तिथं अडकला तो अडकलाच.

आणि मग १९७४ च्या ऑगस्टात सांगलीहून लखोटा आला. टेलिफोन खात्यात माजी सैनिकांसाठी ठेवलेल्या जागांवर मेकॅनिक म्हणून त्याची निवड झाली होती. सोमवारी, दोन सप्टेंबरला सकाळी दहा वाजता कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. न आल्यास जागा दुसऱ्याला. हातात दहा दिवस होते. कृष्णातनं ते पत्र गोठ्यात उभं राहून तीनदा वाचलं. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं त्याला झालं. पण पत्र घेऊन कॅप्टनसाहेबांसमोर उभं राहायला मात्र त्याला संध्याकाळ व्हावी लागली.

कॅप्टनसाहेब म्हणजे लालासाहेब. शिपाई म्हणून भरती झाले आणि ऑनररी कॅप्टन होऊन उतरले. दुसऱ्या लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले, इटलीत कैदेत पडले, तिथनं पळाले आणि आठ महिने एका स्टेशनमास्तरच्या घरात लपून राहिले, ही हकीकत गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. त्या स्टेशनमास्तरनं खूश होऊन त्यांना भेट दिलेलं खेळण्यातलं इंजिन घरात होतं. जर्मन बनावटीचं, वीतभर लांबीचं, काळंभोर, लाल चाकांचं. सोबत रुळांचं एक गोल कडं आणि एक जड काळा ट्रान्सफॉर्मर.

आता गंमत अशी, की गावात वीजच नव्हती. वीस वर्षं ते इंजिन फळीवर संगीन आणि पदकांच्या शेजारी नुसतं बसून होतं. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. सासूबाई, म्हणजे चंद्राबाई, तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घ्यायच्या आणि धुराड्याला, चाकांना, पोटाखालच्या फटीला लावायच्या. मशीनचा जीव पोटात असतो असं त्यांचं मत होतं. १९६४ साली विहिरींसाठी वीज आली तेव्हा इंजिन पहिल्यांदा पळालं आणि ते बघायला अर्धं गाव ओसरीवर लोटलं. पण दोन वर्षांत त्यानं रंग बदलला. ते फक्त उलटं पळायला लागलं.

ट्रान्सफॉर्मरवर एक लाल मूठ होती. ती उजवीकडं फिरवली की वेग वाढायचा. डावीकडं दाबली की क्षणभर विजेचा जादा झटका जायचा, आणि इंजिनाच्या पोटातला एक चिमुकला रिले तो झटका ओळखून दिशा बदलायचा. पुढं जाणारं इंजिन मागं, मागं जाणारं पुढं. कॅप्टनसाहेब त्या झटक्याला 'हुकूम' म्हणायचे. आणि इंजिन हुकूम ऐकत नाही, हे त्यांचं आठ वर्षांचं दुखणं होतं.

कृष्णातनं पत्र वाचून दाखवलं. कॅप्टनसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस त्यांना सावलीसारखा दिसायचा. त्यांनी पत्र हातात घेतलं, कागदावरनं बोट फिरवलं आणि परत दिलं.

"जावा की, पावणं," ते म्हणाले. "आमी कशाला अडवू? फकस्त तेवढं इंजान हुकूम ऐकायला लागू द्या, आन् मग जावा. सिग्नलचा मेकॅनिक घरात असून घरातलं इंजान उलटं पळतंय, लोकं काय म्हनतील?"

कृष्णातला मनातल्या मनात हसू फुटलं. दोन तासांचं काम. जिथं मैलोन् मैल तारा जोडल्या तिथं हे खेळणं काय चीज. त्यानं चंद्राबाई आणि विजयमालासमोर शब्द देऊन टाकला, की इंजिन सुधारल्याशिवाय घरातनं पाऊल काढणार नाही. असा शब्द द्यायला कुणी त्याला सांगितलं नव्हतं. तेरा वर्षांची फौज अंगात असली की माणूस असं काहीतरी बोलून बसतो.

पहिल्या दिवशी त्यानं पद्धतशीर सुरुवात केली. फौजेत शिकवलेलं, की बिघाड शोधताना हुकूम देणाऱ्यापासून निघायचं आणि ऐकणाऱ्यापर्यंत जायचं, मधलं एक घर वगळायचं नाही. मोटरसायकलचा एक बल्ब वायरींना जोडून त्यानं ट्रान्सफॉर्मर तपासला. मूठ फिरवली की बल्ब उजळत गेला, डावीकडं दाबली की भपकन् पेटला. म्हणजे हुकूम नीट निघत होता. मग रुळांचे सांधे घासले, कड्यावर बारा ठिकाणी बल्ब टेकवून पाहिला. हुकूम रुळापर्यंत पोचतही होता.

दुसऱ्या दिवशी इंजिन उलटं करून पोटाखालची पट्टी साफ केली. मोटरला वीज पोचवणारे आतले कार्बन झिजले होते. तसले कार्बन सांगलीत काय, मुंबईतही मिळाले नसते. त्यानं टॉर्चचा जुना सेल फोडला, आतली काळी कांडी काढली आणि दगडावर घासून घासून दोन नवे कार्बन केले. इंजिन पूर्वीपेक्षा झोकात पळालं. पण उलटंच.

तिसऱ्या दिवशी त्यानं मोटरच्या दोन गुंडाळ्यांच्या तारा आपसांत बदलल्या आणि इंजिन सरळ पुढं पळालं. विजयमाला पिठाच्या हातानं धावत आली. त्यानं हुकूम दिला. इंजिन पुढंच पळत राहिलं. दुसरा दिला, तिसरा दिला. ढिम्म. म्हणजे दोन्ही गुंडाळ्या शाबूत होत्या, आणि दोष राहिला तो एकाच जागी, रिलेत. हुकूम निघतो, पोचतो, आणि ऐकणाराच बहिरा. त्यानं तारा पुन्हा होत्या तशा केल्या.

तो रिले अंगठ्याच्या नखाएवढा. एक लोखंडी झडप, तिला केसासारखी स्प्रिंग. झडपेच्या बिजागरीत आणि पितळी पट्ट्यांवर लालसर, कडक थर बसलेला. कृष्णातनं पाहिलं आणि निदान करून मोकळा झाला, गंज. कुणीही तेच म्हटलं असतं. त्यानं पॉलिश पेपरची बारीक चिंधी करून घासायला घेतलं. वरचा थर निघाला, बिजागरीतला निघेना. जास्त जोर करावा तर स्प्रिंग तुटायची भीती, आणि स्प्रिंग तुटली तर सगळंच संपलं. असे दोन दिवस गेले. रोज संध्याकाळी बाजेवरनं प्रश्न यायचा, "काय म्हंतंय इंजान?" आणि कृष्णात म्हणायचा, "हुतंय, मामा." त्या आवाजात कुठंतरी समाधान आहे असा त्याला संशय यायला लागला. आपण दिलेल्या शब्दानंच आपल्याला दाव्याला बांधलं, हे कळून त्याचं डोकं फिरायचं. एकदा त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर भिंतीवर भिरकावला आणि मग स्वतःच उठून आणला.

बुधवारी त्याला आठवलं, की पितळेची भांडी लिंबानं निघतात. त्यानं काडीपेटीतल्या काडीला कापूस गुंडाळला, लिंबाच्या रसात बुडवला आणि तो थेंब अलगद बिजागरीत सोडला. लाल थर बघता बघता पिवळा झाला. कृष्णात बघतच राहिला. गंज विरघळतो, काळा पडतो. पिवळा होणारा गंज त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

विजयमाला शेजारी बसून लसूण सोलत होती. तिनं मान वाकवून पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"आवं, गंज कुठला? कुकू हाय ते," ती म्हणाली. "हळदीचं कुकू लिंबानं पिवळं हुतंय. बायकांना इचारायचं तरी."

तीस खंडेनवम्यांचं कुंकू आणि तेल त्या फटीतनं आत झिरपून वाळलं होतं. लाखेसारखं घट्ट झालं होतं. तेवढ्यानं जर्मन कारागिराची सगळी करामत गप्प केली होती. जेवताना कृष्णातनं हा शोध सगळ्यांना रंगवून सांगितला. चंद्राबाई ओशाळल्या आणि म्हणाल्या, की पूजा केल्याशिवाय लोखंड राबतं होय? कॅप्टनसाहेब घास हातात धरून ऐकत होते. कुंकू नेमकं कुठं साचलं होतं, फट केवढी, बोट आत जातं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. कृष्णातला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक आहे.

गुरुवारी त्यानं घासलेटमध्ये रिले धुतला, लिंबू लावलं, परत धुतला, वाळवला. दुपारी इंजिन रुळावर ठेवून हुकूम दिला. कट्ट. इंजिन थांबलं आणि पुढं निघालं. परत हुकूम, परत मागं. त्यानं मोजून तीस हुकूम दिले आणि इंजिनानं तीसच्या तीस पाळले. तो ओरडतच ओसरीवर गेला. कॅप्टनसाहेब म्हणाले, की आज नको, आता माझ्या डोळ्यांना अंधारी आलीय, उद्या सकाळी उजेडात बघू.

शुक्रवारी सकाळी इंजिन उलटं पळालं.

कृष्णातनं ते उघडलं. बिजागरीत परत लाल. त्याला वाटलं, आतलं राहिलेलं कुंकू पाझरलं असणार. शिव्या घालत परत धुतलं, परत तीस हुकूम दिले, परत सगळं नीट. कॅप्टनसाहेबांचं त्या दिवशी डोकं दुखत होतं. शनिवारी सकाळी परत तेच. या वेळी त्यानं बोट लावून पाहिलं. लाल थर मऊ होता, ओला होता, तेलाचा वास ताजा होता. हे तीस वर्षांचं नव्हतं. हे काल संध्याकाळचं होतं.

आता चंद्राबाई असलं काही करायच्या नाहीत, लाजेनं त्या चार दिवस इंजिनाकडं फिरकल्याही नव्हत्या. राहिली विजयमाला. आईबापांना सोडून जायला तिचा पाय निघत नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं तिला परड्यात गाठलं आणि नको ते बोलला. तुलाच मला इथं सडवायचंय, बापाची लेक ती बापाचीच, असलं काहीबाही. तिनं दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. दहाही बोटं शेणानं माखलेली, नखांत हिरवं शेण, कुंकवाचा मागमूस नाही. मग तिचे डोळे भरून आले आणि ती गोठ्यात निघून गेली. कृष्णातला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं त्या दिवशी इंजिनाला हातच लावला नाही.

रविवार उजाडला. उद्या दहाला सांगलीत उभं राहायचं तर पहाटेची पहिली एस.टी. धरायला हवी होती. दुपारी जेवायला बसले. चंद्राबाई वाढत होत्या, कॅप्टनसाहेब भाकरी चुरत होते. कृष्णातची नजर सहज त्यांच्या हातावर गेली. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखात लाल रेघ होती.

कॅप्टनसाहेब देवपूजेला कधी बसले नव्हते. देवाचं खातं बायकांकडं, असं ते चारचौघांत सांगायचे. कपाळाला कधी बोट लागू दिलं नाही. आणि आता नखात कुंकू, आणि मोतीबिंदूमुळं ते त्यांचं त्यांना दिसत नव्हतं.

कृष्णात जेवला. काय जेवला ते त्याला कळलं नाही. बायका आत गेल्यावर त्यानं ताटातली लिंबाची फोड उचलली आणि सासऱ्यांच्या पुढ्यात जाऊन बसला.

"मामा, हात करा म्होरं," तो म्हणाला.

त्यांनी हात पुढं केला. त्यानं त्या बोटावर लिंबू पिळलं आणि नखावरनं फोड फिरवली. लाल रेघ पिवळी झाली. कॅप्टनसाहेबांना रंग दिसला नाही, पण लिंबाचा वास त्यांना आला. त्यांनी हात मागं घेतला नाही. तसाच पुढं धरून ठेवला, शिक्षेला उभ्या राहिलेल्या शिपायासारखा.

मग ते बोलायला लागले, आणि तीस वर्षं गावाला सांगितलेल्या हकिकतीत नसलेलं त्यांनी सांगितलं. त्या स्टेशनमास्तरचा एकुलता एक मुलगा रशियाच्या बर्फात मेला होता. इंजिन त्या मुलाचं. म्हातारा रोज बाहेर जाऊन यायचा आणि खुणेनं सांगायचा, आज रस्ता धोक्याचा आहे, उद्या जा. असं आठ महिने. त्यातले शेवटचे दोन महिने रस्ता मोकळा होता, आपलं सैन्य दहा मैलांवर आलेलं. म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. कळलं तेव्हा लालासाहेब त्याच्या गळ्यालाच धरायला गेले होते. म्हातारा रडला, इंजिन पोत्यात भरून दिलं आणि हाताच्या खुणेनं म्हणाला, पत्र लिही.

"मी एक कागुद धाडला न्हाई त्येला," कॅप्टनसाहेब म्हणाले. "आज लिवू, उद्या लिवू. गेलेला मानूस मागं वळून बगत न्हाई, पावणं. मला ठावं हाय. मीच तसा गेलोय."

कृष्णातनं रागाचं जे गाठोडं चार वर्षं बांधून ठेवलं होतं ते सोडायची वेळ आली होती, आणि समोर नखाला लिंबू लागलेला, हात पुढं करून बसलेला आंधळा म्हातारा. त्याला त्यांची कीव आली आणि स्वतःचीही आली. तो एवढंच म्हणाला, की मी लिहीन.

"जावा," ते म्हणाले. "आमच्या पोरीला, इजीला बी न्या."

रात्री कृष्णातनं रिले धुऊन इंजिनाला हुकूम ऐकायला लावलं, आणि पहाटेच्या एस.टी.नं दोघं गेले. दहाला दहा कमी असताना कृष्णात सांगलीत हजर झाला.

इथं खरं तर त्याची सुटका झाली असं लिहून मोकळं व्हायला हवं. पण तसं झालं नाही. दुसऱ्याच आठवड्यात पोस्टकार्ड आलं. वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत, फौजेतल्या तारेसारखं: इंजिन नादुरुस्त. रविवारी येणे. कृष्णात गेला. पोटातली फट उघडली. आत ताजं कुंकू. त्यानं लिंबू मागितलं, साफ केलं, तीस हुकूम दिले. कॅप्टनसाहेब रुळाशेजारी घोंगडीवर बसून चाकांचा आवाज ऐकत राहिले. दोघांपैकी कुणीही कुंकवाचा विषय काढला नाही.

पुढच्या आठवड्यात परत कार्ड आलं. आणि मग पाच वर्षं रविवार त्याचा उरला नाही. आठवडाभर एक्स्चेंजमध्ये उभं राहायचं आणि रविवारी सकाळी पलूसवरनं जाणारी एस.टी. सांगलीत धरायची. घरात मुलगी झाली, ती रांगली, चालायला लागली. तिचे रविवार बापाशिवाय गेले. विजयमाला कधी सोबत यायची, कधी म्हणायची, एखादा रविवार चुकवला तर आभाळ कोसळत नाही. त्यानं एकदा चुकवला. सोमवारी कार्ड आलं, त्यावर फक्त एक शब्द होता: वाट. तो शब्द बघून कृष्णातला संताप आला होता. १९७७ साली पुण्याला वरच्या जागेवर बदलीची संधी आली. त्यानं नाही म्हणून लिहून दिलं आणि घरी कुणालाही सांगितलं नाही. फौजेत असताना त्याला सरहद्दीवर पाठवलं तरी इतकं बांधल्यासारखं वाटलं नव्हतं. तिथं निदान रजा मिळायची.

१९७९ च्या मार्गशीर्षात कॅप्टनसाहेब गेले. झोपेतच गेले. बायकांनी चंद्राबाईंचं कपाळ पुसलं, बांगड्या उतरवल्या, आणि कुंकवाचा पितळी करंडा देव्हाऱ्याच्या मागं नेऊन ठेवला. तेराव्याला सगळे पांगल्यावर कृष्णातनं इंजिन फळीवरनं काढलं. त्यात शेवटचं कुंकू होतं, पंधरा दिवसांपूर्वीचं, नुकतंच सुकायला लागलेलं. त्यानं ते हळू हळू धुतलं. तीस हुकूम दिले. मग ते फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि बायको-मुलीला घेऊन सांगलीला आला. त्याला खूप रडू आलं, आणि रडताना आतून मोकळं मोकळंही वाटत होतं. हे त्यानं कुणाला कबूल केलं नाही, पण वाटत होतं खरं.

त्याच आठवड्यात पुण्याच्या जागेचा अर्ज परत निघाला. त्यानं भरला. पुढच्या रविवारी अर्ज खिशात घालून तो एकटाच गावी गेला. मनाशी सगळं ठरलेलं: शेत वाट्यानं लावायचं, घराला कुलूप घालायचं, मामींना बरोबर आणायचं. चंद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. चुलीवरचा चहा उतरवत म्हणाल्या, की तुम्ही बसा, मी दूध बघते.

कृष्णात इंजिन बांधायला म्हणून खोलीत गेला. लेकीला खेळायला न्यायचं असं त्यानं योजलं होतं. फडकं त्यानं बांधलं होतं तसं नव्हतं, गाठ उलटी होती. निघण्याआधी एकदा पळवून बघावं म्हणून त्यानं रूळ मांडले, मूठ फिरवली. इंजिन मागं निघालं. हुकूम दिला. इंजिन मागंच पळत राहिलं.

त्यानं ते उलटं केलं, फटीत बोट घातलं. बोट लाल झालं. ओलं, मऊ, ताज्या तेलाचं.

कॅप्टनसाहेबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. घरात दुसरं कुणीही नव्हतं. कृष्णातची नजर देव्हाऱ्याकडं गेली. मागं सारून ठेवलेला करंडा जागेवरच होता, पण त्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. ज्या कुंकवाला हात लावायचा हक्क त्या घरानं, त्या गावानं तिच्याकडनं काढून घेतला होता, त्यात तिनं बोट बुडवलं होतं.

पहिल्यांदा त्याला राग आला. खराखुरा, पाच वर्षांपूर्वीचा तोच. आणखी किती वर्षं, असं त्याला भिंतीला विचारावंसं वाटलं. त्यानं मान वर केली. चंद्राबाई दारात उभ्या होत्या. कपाळ पांढरं. उजवा हात पदरात गुंडाळलेला. त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या, रुळांच्या कड्याकडं बघत होत्या, आणि एवढी काटक बाई चौकटीला टेकून उभी होती.

कृष्णातनं लाल झालेलं बोट विजारीला पुसलं. खिशातला अर्ज हाताला लागला. तो त्यानं आणखी खाली सारला.

"बिगाड मोठा हाय, मामी," तो म्हणाला. "एका रईवारात न्हाई व्हायचा. मी येतो म्होरल्या रईवारी."

चंद्राबाईंनी मान हलवली. पदरातला हात तसाच ठेवून त्या आत वळल्या.

"या," त्या आतनं म्हणाल्या. "लिंबं आनून ठिवते मी."